जादूगाराचा भाचा आणि ताशबानचे लोक

'अरसलान' हे नाव आता आपल्या घरांत नवे राहिलेले नाही. आमच्या हजेरीपटावर दर दोन-तीन वर्षांनी एखादा अरसलान येतोच. तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थ सिंह. १०७१ साली मलाझगिर्दच्या लढाईत बायझंटाइन सम्राटाला कैद करणारा सेल्जुक सुलतान अल्प अरसलान याच नावाचा. हेच नाव थोडे आखूड होऊन 'अस्लान' या रूपात इंग्रजी बालवाङ्मयातल्या एका फार प्रसिद्ध सिंहाला मिळाले. देणारा लेखक सी. एस. लुईस. ऑक्सफर्डमध्ये जुने इंग्रजी साहित्य शिकवणारा, आणि श्रद्धेने पक्का ख्रिस्ती. एडवर्ड लेनने इंग्रजीत आणलेल्या 'अरेबियन नाइट्स'च्या टिपांमध्ये आपल्याला हे नाव सापडले, असे त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या 'नार्निया'च्या गोष्टी इंग्लंड-अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांत मुलांना धर्मशिक्षणासारख्या वाचून दाखवतात, त्यांतल्या मुख्य पात्राचे नाव 'अलिफ लैला'च्या तळटिपेतून उचललेले आहे. ज्या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने आणल्या, त्याच या.

हे आज सांगण्याचे कारण असे, की नार्निया पुन्हा पडद्यावर येऊ घातला आहे. २०१८ साली नेटफ्लिक्सने लुईसच्या सातही पुस्तकांचे हक्क घेतल्याचे जाहीर केले. पुढची काही वर्षे फारसे काही कानावर आले नाही. मग ग्रेटा गर्विग या अमेरिकन दिग्दर्शिकेचे नाव पुढे आले, आणि २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले, की त्यांचा चित्रपट २०२६ च्या नोव्हेंबरात आधी आयमॅक्सच्या पडद्यांवर आणि नंतर नेटफ्लिक्सवर दाखवला जाईल. अशा तारखा मागेपुढे होतच असतात, तो आमचा विषय नव्हे. आम्ही चित्रपट पाहिलेला नाही. न पाहिलेल्या चित्रपटाचे परीक्षण करण्याचा आमचा इरादाही नाही. पण पुस्तके आम्ही वाचली आहेत, गर्विगबाईंचे आधीचे चित्रपट पाहिले आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर काही उमेद आणि काही धास्ती मनात येते. ती या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटते, कारण इतरत्र मांडली तर उमेद कळेल, पण धास्ती कळायला वेळ लागेल.

बाईंनी हाती घेतलेले पुस्तक 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात वर्षाला एक अशी निघाली. हे त्यांतले सहावे, १९५५ चे. पण कथेच्या काळाने ते पहिले, कारण नार्निया निर्माण कसा झाला याची ही हकीकत आहे. याआधीच्या चित्रपटमालेने २००५ साली कपाटाच्या प्रसिद्ध गोष्टीपासून सुरुवात केली, २००८ आणि २०१० मध्ये आणखी दोन चित्रपट काढले, आणि ती तिथेच थांबली. त्या मालेत लढाया पुष्कळ होत्या. जे पुस्तक बाईंनी निवडले, त्यात एकही लढाई नाही. एवढ्यावरूनच आमची उमेद थोडी वाढली.

पुस्तकाच्या नावाचे मराठी करायला बसले की एक गंमत होते. इंग्रजीतला 'नेफ्यू' पुतण्याही असतो आणि भाचाही. इथला जादूगार अँड्र्यू हा डिगरी नावाच्या मुलाच्या आईचा भाऊ आहे. तेव्हा हा झाला भाचा, उर्दूत भांजा. आणि जादूगार झाला मामा, मामूं. मराठी बालगीतांतला मामा शिकरण खाऊ घालतो. आपल्याकडे मामूंच्या घरची सुट्टी म्हणजे ईदच. लुईसचा मामा मात्र भाच्याच्या मैत्रिणीला, शेजारच्या पॉलीला, गोड बोलून पिवळी अंगठी हातात घ्यायला लावतो, ती जागच्या जागी नाहीशी होते, आणि मग तो भाच्याला सांगतो की तिला परत आणायचे तर दुसरी अंगठी घालून तू मागे जा. स्वतः जायची हिंमत नाही, म्हणून मुलांवर प्रयोग. आपल्याकडे 'मामा बनवणे' म्हणतात, इथे मामाच भाच्याला बनवतो आहे. इंग्रज वाचकाला अंकल म्हणजे घरातला एक मोठा माणूस, इतकेच जाणवत असेल. आपल्या मुलाला ती दगाबाजी जास्त टोचेल.

पण हे पुस्तक आम्हाला जवळचे वाटते ते दुसऱ्याच कारणाने. डिगरी पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याचे तोंड मातीने आणि रडण्याने माखलेले असते. तो गावाकडून लंडनला आला आहे. आई वरच्या खोलीत आजारी आहे, ती वाचणार नाही असे मोठी माणसे हळू आवाजात बोलतात. मावशी घर सांभाळते. आणि वडील? वडील हिंदुस्थानात आहेत. नोकरीला, दूर, समुद्रापलीकडे. लुईसने हे एका वाक्यात उरकले आहे, कारण १९०० च्या सुमाराच्या इंग्लंडात त्यात विशेष काही नव्हते. पण आमच्या वर्गात हे वाक्य उरकले जात नाही. रायगड-रत्नागिरीच्या कुठल्याही उर्दू शाळेत विचारा, अब्बा कुठे आहेत. कुवेत, मस्कत, दम्माम, दुबई अशी उत्तरे येतील. घरी अम्मी, दादी, एखादी फुफी. अम्मीला ताप आला तरी ज्या मुलाला धडकी भरते, त्याला डिगरी समजावून सांगावा लागत नाही. साम्राज्याच्या नोकरीला गेलेला गोरा बाप आणि आखातात मजुरीला गेलेला कोकणी बाप यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आम्ही जाणतो. तो बाप हिंदुस्थानात काय करत होता हे लुईसने विचारलेलेही नाही. पण मागे राहिलेल्या मुलाची रात्र दोन्हीकडे सारखीच.

लुईसची स्वतःची आई १९०८ साली कर्करोगाने गेली. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. या पुस्तकात डिगरीला एक सफरचंद आणायला पाठवले जाते. दूरच्या बागेतले, ज्याच्या एका घासाने आई बरी होऊ शकते. चेटकीण त्याला गाठून म्हणते, की कशाला त्या सिंहाकडे नेतोस, सरळ घरी जा आणि आईला दे. मुलांच्या पुस्तकात मोहाचा याहून कठीण प्रसंग आम्ही वाचलेला नाही. मिठाईचा मोह, सत्तेचा मोह या सोप्या गोष्टी आहेत. इथे मोह चांगल्याच गोष्टीचा आहे. मुलगा ते सफरचंद सिंहाला नेऊन देतो, आणि पुढे त्याला दुसरे सफरचंद मिळते, आई बरी होते. त्याआधी एका जागी डिगरी मान वर करून सिंहाकडे पाहतो, तर सिंहाच्या डोळ्यांत पाणी असते, मुलाच्या अश्रूंपेक्षा मोठे थेंब. लुईसच्या आईसाठी कुठूनही सफरचंद आले नव्हते. हे माहीत असून वाचले की तो प्रसंग वेगळाच होतो.

आता गर्विगबाई इथे काय करतील? २०१७ च्या 'लेडी बर्ड'मध्ये आई आणि मुलगी यांचे सतत भांडण आहे, आणि ते भांडण म्हणजेच त्यांची माया आहे हे त्यांनी एकही मोठा संवाद न लिहिता दाखवले. २०१९ च्या 'लिटल विमेन'मध्ये बाप लढाईवर गेलेला आहे, घरात आई आणि चार मुली आहेत, त्यांतली एक आजारी आहे. म्हणजे बापाविना चालणारे घर आणि आजाऱ्याची खोली या दोन्ही जागा त्यांच्या परिचयाच्या. लुईसच्या पुस्तकात डिगरीची आई जवळजवळ बोलतच नाही. ती उशीवर टेकलेला एक फिकट चेहरा आहे, बस. बाईंनी तिला दोन वाक्ये जरी दिली, मुलाला खोटा धीर देणारी किंवा खरे सांगणारी, तरी पुस्तकातली मोठी उणीव भरून निघेल. 'लिटल विमेन'मध्ये त्यांनी गोष्टीचा क्रम मोडून बालपण आणि तारुण्य एकमेकांत विणले होते. मूळ पुस्तकावर जीव असणारे काही वाचक त्यावर नाराज झाले. आमच्या मते पुस्तकाशी इमान राखण्याचा तोच मार्ग होता.

'बार्बी'बद्दल आमचे मत इतके उदार नाही. २०२३ च्या त्या चित्रपटाने जगभरात १४० कोटी डॉलरांच्या पुढे गल्ला जमवला, आणि त्यात हुशारी पुष्कळ होती. पण खेळण्यांच्या कंपनीची थट्टा कंपनीच्याच पैशाने करायची म्हणजे थट्टेची दोरी कुठवर सोडायची हे आधीच ठरलेले असते. त्यातला एक प्रसंग मात्र इथे आठवतो. शेवटाकडे बाहुली आपल्या निर्मातीला भेटते, आणि दोघी एका रिकाम्या प्रकाशात उभ्या राहून बोलतात. निर्मिलेल्याने निर्माणकर्त्याला प्रश्न विचारायचे, हा विषय बाईंना खेळण्याच्या जाहिरातीतही सुचला. 'मॅजिशियन्स नेफ्यू'चा गाभा तोच आहे. काळोखात सिंह गाऊ लागतो. गाण्याबरोबर तारे उगवतात, गवत पसरते, मातीतून जनावरे डोके वर काढतात. आणि त्याच वेळी अँड्र्यूमामाला गाणे ऐकूच येत नाही. त्याला गुरगुरणे ऐकू येते. शिवाय त्या ताज्या मातीत पडलेल्या लोखंडाच्या तुकड्यातून दिव्याचा खांब उगवलेला पाहून तो हिशेब करू लागतो, की मोडके लोखंड इथे पुरले तर आगगाड्या आणि युद्धनौका फुकट उगवतील, फक्त त्या सिंहाला आधी गोळी घातली पाहिजे. वसाहतवाल्या माणसाचे इतके नेमके चित्र इंग्रजी बालवाङ्मयात, तेही १९५५ साली, सहसा सापडत नाही. लुईसला सरसकट साम्राज्यवादी म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे.

त्याच पुस्तकातली जेडिस राणी एक शब्द उच्चारून आपल्या जगातला प्रत्येक जीव मारते, आणि सिंह मुलांना बजावतो की तुमच्या जगातल्या कुणा दुष्टालाही असेच एखादे रहस्य सापडू शकेल. हिरोशिमाला तेव्हा दहा वर्षे झाली होती. यावर जास्त लिहीत नाही. पडद्यावर हा भाग चांगला जमेल, त्याची काळजी नाही.

सिंहाबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. आपल्यापैकी अनेक पालकांचा आक्षेप सरळ आहे: या सिंहाच्या रूपात लुईसने येशूला उभे केले आहे, कपाटाच्या गोष्टीत तो दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी मरतो आणि पुन्हा उठतो, मग ही गोष्ट आपल्या मुलांनी का पाहावी? लुईस स्वतः याला रूपक म्हणत नसे. बोलणाऱ्या जनावरांचे एखादे जग असते तर तिथे ईश्वर कसा प्रकटला असता, अशी ही एक कल्पना आहे, असे त्याचे म्हणणे. आपल्या अकीद्यात अल्लाहला रूप नाही आणि हजरत ईसा अलैहिस्सलाम पैगंबर आहेत, हे मुलाला ठाऊक असते. नसेल तर ते सांगण्याचे काम घराचे आणि मदरशाचे आहे, लंडनच्या स्टुडिओचे नव्हे. आणि बोलणारी जनावरे आपल्याला परकी कुठे आहेत? हजरत सुलैमानांची मुंगी बोलते, हुदहुद खबर आणतो. अत्तारच्या 'मन्तिक-उत-तैर'मध्ये पक्षी सीमुर्गच्या शोधात निघतात आणि शेवटी उरलेले तीस स्वतःपाशीच येऊन पोहोचतात. प्रतीकाला प्रतीक म्हणून वाचण्याची तालीम आपल्या परंपरेत जुनी आहे. २०२५ मध्ये बातमी आली, की अस्लानच्या आवाजासाठी मेरिल स्ट्रीप यांच्याशी बोलणी चालू आहेत. त्यावर सिंह नर की मादी असा वाद अमेरिकेत पेटला. ज्या धर्मात खुदाला ना नर म्हणता येते ना मादी, त्यातल्या वाचकाला हा वाद थोडा दूरून पाहता येतो. आवाज कुणाचाही असो, सिंहाच्या डोळ्यांतले पाणी आले म्हणजे झाले.

आमची धास्ती या चित्रपटाबद्दल नाहीच. ती पुढच्या चित्रपटांबद्दल आहे. सातही पुस्तकांचे हक्क घेतले आहेत म्हणजे पहिला चालला तर इतरही निघतील, आणि कधी ना कधी वाळवंट ओलांडून ताशबान शहरात जावेच लागेल.

१९५४ चे 'द हॉर्स अँड हिज बॉय' आणि १९५६ चे 'द लास्ट बॅटल' या दोन पुस्तकांत नार्नियाच्या दक्षिणेला कॅलॉर्मेन नावाचे साम्राज्य आहे. तिथले लोक सावळे, दाढीवाले. डोक्याला फेटे, कमरेला वाकडी तलवार, पायांत टोके वळलेले जोडे. बादशहाचे नाव घेतले की त्याच्या उमरदराजीची दुआ जोडायची. शहरात मिनार आहेत, गच्चीवर बागा आहेत, गल्ल्यांत लसूण-कांद्याचा वास आहे. (कांद्याचा वास हे मागासपणाचे लक्षण असेल तर आमचा लासलगाव कुठे बसवायचा?) तिथे गुलाम विकले जातात, कोवळ्या मुली म्हाताऱ्या वजिरांना दिल्या जातात, आणि गोरे नार्नियावाले त्या गर्दीतून ताठ मानेने, मोकळ्या पावलांनी चालत जातात. कॅलॉर्मेनचे लोक मुसलमान नाहीत, हे मान्य. ते ताश नावाच्या देवाला भजतात. त्याला गिधाडाचे डोके आणि चार हात आहेत, आणि त्याला माणसांचा बळी लागतो. म्हणजे वेश आपला, मूर्तीचे हात आपल्या शेजाऱ्यांच्या देवांसारखे, आणि अत्याचार कल्पनेतले. पूर्वेकडच्या सगळ्यांना एकाच पोत्यात भरले की असे होते. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाने १९९८ मध्येच या पुस्तकांवर वर्णद्वेषाचा ठपका ठेवला. मुस्लिम वाचकांनी रागावण्याआधी इंग्रजांच्या घरातच ही तक्रार झाली आहे, हे लक्षात असावे.

पुस्तकात हे सगळे शब्दांत असते, आणि शब्दांना वाचणारा आपल्या मनाने रंग देतो. पडद्यावर ते नेसवून, रंगवून, पाच-सहाशे माणसांच्या अंगावर चढवून दाखवावे लागते. चूक तिथे पक्की होते. डिस्नेच्या १९९२ च्या 'अलादीन'मध्ये पहिल्याच गाण्यात अरबांच्या क्रौर्याची एक ओळ होती; अमेरिकेतल्या अरब संघटनेने हरकत घेतल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली गेली. एक ओळ बदलता आली. ताशबान म्हणजे अख्खे शहर आहे.

यावर एक सोपा उपाय सुचवला जाईल: हे पुस्तक गाळून टाका, किंवा कॅलॉर्मेनच्या लोकांना कुठल्याच देशाचे वाटणार नाहीत असे कपडे द्या. आम्हाला दोन्ही उपाय नापसंत आहेत. कारण सबंध नार्नियात आम्हाला आवडलेली सर्वांत जिवंत मुलगी ताशबानच्याच बाजूची आहे. अराविस ही उमराव घराण्यातली. नको असलेल्या लग्नातून सुटण्यासाठी ती बोलक्या घोडीवर बसून पळते. ती गर्विष्ठ आहे, धीट आहे, आणि स्वतः सुटताना आपल्यामागे एका दासीला फटके बसतील याची तिला फिकीर नाही. पुढे सिंह तिच्या पाठीवर तितकेच ओरखडे काढतो, जितके वळ त्या दासीच्या पाठीवर उठले होते. उमरावाच्या मुलीकडून दासीच्या दुखण्याची बरोबर किंमत घ्यायची, हा इन्साफ लुईसने लिहिला आहे, आणि तो आपल्याला ओळखीचा आहे. नको असलेल्या निकाहातून पळणारी मुलगी पाहून आपण अस्वस्थ व्हायचे कारण नाही. मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह नाही, हे आपणच सांगत असतो. शेवटी अराविस उत्तरेकडच्या राजपुत्राशी लग्न करते आणि त्यांच्या मुलाचे नाव राम असते. हो, राम. तो पुढे 'राम द ग्रेट' म्हणून गाजतो. हे नाव लुईसने कुठून आणले कोण जाणे, पण ताशबानच्या मुलीच्या पोटी राम जन्माला घालणारा लेखक आपल्याला वाटतो तितका एकसुरी नाही.

याच पुस्तकात अराविस आपली हकीकत सांगायला बसते, तेव्हा लेखक म्हणतो की कॅलॉर्मेनमध्ये मुलांना गोष्ट सांगण्याची कला शिकवतात, जसे इंग्लंडात निबंध लिहायला शिकवतात. फरक इतकाच, की गोष्ट ऐकायला लोक उत्सुक असतात आणि निबंध वाचायची इच्छा झालेला कुणी त्याला भेटलेला नाही. दरवर्षी 'माझा आवडता सण' या विषयावरचे साठ निबंध तपासणाऱ्या माणसाने यावर हसावे की रडावे! दास्तानगोईची ही कबुली मोठी आहे. लुईसला ताशबानचे लोक आवडत नव्हते, पण त्यांची जबान त्याला आवडत होती.

'द लास्ट बॅटल'मधला एमेथ हा दुसरा माणूस. शत्रूच्या फौजेतला तरुण शिपाई, ताशवर मनापासून श्रद्धा ठेवणारा. शेवटी सिंह त्याला जवळ करतो आणि सांगतो, की ताशच्या नावाने तू जी नेकी केलीस ती माझीच होती. एमेथ हा हिब्रू शब्द आहे, अर्थ सत्य. आणि त्याचे धातूशी नाते 'ईमान', 'अमानत', 'आमीन' या आपल्या शब्दांशी आहे. कट्टर ख्रिस्ती टीकाकारांना हा प्रसंग खटकतो, कारण दुसऱ्या धर्माचा माणूस तरला. आम्हाला तो अर्धाच खटकतो. एमेथ तरला याचा आनंद आहे. पण त्याची नेकी त्याच्या स्वतःच्या नावावर जमा झाली नाही, सिंहाच्या खात्यावर वळती झाली. चांगला मुसलमान भेटला की 'तुम्ही तसे वाटत नाही' म्हणणारे लोक आपल्याला रोज भेटतात. एमेथची पाठ थोपटण्यात तोच सूर आहे. गर्विगबाईंपर्यंत ही गोष्ट कधी पोहोचली, तर हा सूर त्यांच्या कानाला लागेल का, हे पाहण्याची आम्हाला उत्सुकता आहे.

मात्र बोट दाखवताना आपल्या कपाटाकडेही पाहिले पाहिजे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून काढलेला 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा अद्भुताचा सागर आहे. त्याच्यापुढे नार्निया म्हणजे अंगणातले टाके. अम्र अय्यारची झंबील, जिच्यात शहरेच्या शहरे मावतात, ती जगातल्या कुठल्याही जादूच्या कपाटाला भारी आहे. पण त्या दास्तानीत जादूगारांची फौज म्हणजे ठरलेले दुश्मन. त्यांनी एक तर ईमान आणायचे, नाही तर मरायचे. अफ्रासियाबच्या बाजूचा एखादा नेक जादूगार, जो आपल्या जागी राहून नेक आहे, असा आम्हाला तरी सहज आठवत नाही. त्या हिशेबाने लुईसने एमेथला निदान पानभर जागा दिली.

राहिली एक धास्ती, आणि ती आमच्या रोजच्या कामाशी जोडलेली आहे. आपली मुले हे चित्रपट इंग्रजीत पाहणार नाहीत, हिंदी डबिंगमध्ये पाहतील. डबिंग लिहिणाऱ्यांची सवय आम्ही ओळखून आहोत. ताशबानचा बादशहा आला की 'आलमपनाह', 'हुजूर', 'गुस्ताख', 'कनीज' सुरू होईल. नार्नियाचे गोरे राजे मात्र 'महाराज', 'वचन', 'मित्र' बोलतील. गुलाम विकणारे उर्दू बोलतील आणि गुलामांना सोडवणारे हिंदी. जी जबान आम्ही सकाळी पाठ्यपुस्तकातून शिकवतो, हमद पढून घेतो, शब्दांचे हिज्जे तपासतो, तीच संध्याकाळी मोबाइलवर फक्त खलनायकांच्या तोंडून ऐकू येईल. ऐतिहासिक चित्रपटांनी ही वाटणी आधीच रुळवून ठेवली आहे. मुलांच्या अद्भुत गोष्टींपर्यंत ती यायची राहिली होती. अमेरिकेतल्या दिग्दर्शिकेला याची खबर असण्याचे कारण नाही, आणि तिचा यात दोषही नसेल. हे काम मुंबईतल्या कुठल्या तरी स्टुडिओत होईल. तिथे बसलेल्या लिहिणाऱ्याकडे आमची मागणी छोटी आहे. अराविस घोडीवरून उतरून वाळूत बसते आणि आपली दास्तान सुरू करते, तिथे त्याने आपली सगळी उर्दू खर्च करावी. आणि सिंह नार्निया गाऊन उभा करतो तिथेही दोन शब्द उर्दूचे असू द्यावेत. नाव तर त्याचे अरसलान आहेच.